फळी जळाली आणि मासा कच्चा राहिला, असं का झालं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे येणार आहेत, माणसं दहा. त्यांच्यासाठी गच्चीवर लाकडाच्या फळीवर भाजलेला मासा करायचा बेत आहे. सराव म्हणून मागच्या रविवारी सुताराकडून सागाची फळी आणली, तासभर पाण्यात ठेवली, कोळशाच्या शेगडीवर टाकली आणि वर नेहमीचा मसाला लावलेल्या सुरमईच्या तुकड्या मांडल्या. वीस मिनिटांत फळीच्या कडा पेटल्या. मासा खालून कसाबसा शिजला, वरून कच्चा राहिला आणि मसाला कच्चट लागला. 'सीडरचं लाकूड इथं मिळत नाही म्हणून असं झालं का? आपल्याकडचं कुठलं लाकूड चालेल, आणि मासा कुठला घेऊ?'

ताई, सीडर, म्हणजे परदेशात फळीवरच्या माशासाठी वापरतात ते लाकूड, नव्हतं म्हणून हे झालेलं नाही. मी बावीस वर्षं मळ्यावरची आणि गच्चीवरची जेवणं रांधतोय, त्यातली दहा-बारा वर्षं फळीवर मासा करतोय. ज्यांचा पहिला प्रयत्न फसतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शेगडीवर झाकण नसतं. तुमच्याही नव्हतं, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय.

आपण फळीकडं तव्यासारखं बघतो, तिथंच गणित चुकतं. तवा लोखंडाचा, खालची आच तो लगेच वर पोचवतो. लाकूड उष्णता फार हळू पुढं नेतं. त्यात ही फळी भिजलेली. जोवर तिच्यात पाणी आहे तोवर तिचा वरचा पृष्ठभाग पाणी उकळण्याच्या आसपास, म्हणजे 100 अंशांच्या पुढं फारसा जातच नाही. म्हणजे माशाला खालून मिळते ती मंद, ओलसर ऊब. तुकडीचा खालचा थर तेवढ्यावर शिजतो, वरचा अर्धा इंच उघड्यावर वारा खात बसतो. तो शिजावा म्हणून आपण थांबतो, आणि थांबता थांबता फळीतलं पाणी संपतं, मग फळी पेटते. तुमच्याकडं अगदी हेच झालं.

फळीवरचा मासा खरा शिजतो तो वरून आणि बाजूनं. निखाऱ्याची गरम हवा फळीच्या कडेनं वर चढते, झाकणाला आपटते आणि माशावर उतरते. तिच्याबरोबर फळीतली वाफ असते आणि फळीची खालची बाजू करपून निघणारा हलका धूर असतो. म्हणून हा मासा तळलेल्यासारखा कुरकुरीत होत नाही आणि उकडल्यासारखा पचपचीतही होत नाही. आतून ओला, वरून किंचित सुकलेला, धुराचा वास लागलेला असा होतो. तो उलटावा लागत नाही, जाळीला चिकटत नाही, तुटत नाही. हे सगळं झाकणामुळं साधतं.

घुमटाच्या झाकणाची परदेशी शेगडी विकत घ्यायची गरज नाही. घरातलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घाला. माशाच्या वर चार-पाच बोटं मोकळी राहतील एवढं ते खोल हवं, आणि फळीच्या चारी बाजूंनी गरम हवेला वर चढायला जागा राहील एवढं रुंद हवं. पातेल्याच्या एका कडेखाली खापराचा तुकडा सरकवून बोटभर फट ठेवा, नाहीतर निखारे गुदमरून विझतील. शेगडीचं खालचं तोंडही उघडं असू दे. लोखंडाचं नवं घमेलंही चालतं, मात्र जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा बादली विस्तवावर अजिबात घालू नका.

आता लाकूड. सीडरबद्दल एक गोष्ट कळली की तुमची अर्धी काळजी मिटेल. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरच्या आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या सामन मासा लाकडाच्या आधारानं विस्तवाशेजारी भाजत आल्या आहेत, आणि त्यांच्या रानात वेस्टर्न रेड सीडर भरपूर. म्हणून ते लाकूड. त्याच खंडाच्या पूर्वेकडची माणसं शॅड नावाचा मासा ओकच्या फळीवर भाजत. ज्याच्या अंगणात जे झाड, त्याची फळी. शिवाय शब्दकोशात सीडरचा अर्थ देवदार असा सापडतो, म्हणून कुणी देवदाराची फळी मागवायला सांगेल, तर मागवू नका. अमेरिकेतलं ते झाड सायप्रसच्या कुळातलं आहे, आपला हिमालयातला देवदार चीडाच्या कुळातला आणि तेलानं भरलेला. नाव एकच असलं तरी लाकूड वेगळं.

सागही नको. सागाला वाळवी सहज लागत नाही ती त्याच्यातल्या तेलकट द्रव्यांमुळं, आणि फळी तापली की तीच द्रव्यं धुरात उतरतात. तुमच्या माशाला जो कडवट वास आला असेल तो मसाल्याचा नसावा. चीड आणि निलगिरीचंही तसंच, त्यांची राळ आणि तेल पेटतं आणि माशाला औषधाचा वास येतो. बिब्बा, काजू, कण्हेर, शेर, रुई यांच्या जवळपासही जाऊ नका. कण्हेर तर सगळी विषारी, आणि बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि सहज मिळणारं, म्हणून बरेच जण त्याचं नाव काढतात. पण आंबा बिब्ब्याच्याच कुळातला. त्याचा चीक अनेकांना बाधतो, म्हणून मी खाण्याला लागून असलेल्या फळीसाठी तो वापरत नाही.

मी वापरतो जांभूळ. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकणारं आहे, जुनी माणसं ते विहिरीच्या कामाला वापरत. भिजवलं तरी ते लगेच फाटत नाही, राळ नाही, आणि धूर सौम्य, किंचित तुरट. टिंबर मार्केटमध्ये किंवा ओळखीच्या सुताराकडं चौकशी केलीत तर वाळलेल्या जांभळाचा तुकडा मिळून जातो. सुताराला नीट सांगा: जाडी पावणेदोन ते दोन सेंटिमीटर, रुंदी 15, लांबी 40, रेषा लांबीच्या दिशेनं, दोन्ही बाजूंनी रंधा मारलेली, आणि तेल, पॉलिश, वॉर्निश काही नाही. जांभूळ नाहीच मिळालं तर फणस चालेल. सेंटिमीटरभराची पातळ फळी स्वस्तात मिळते, पण ती अर्ध्या वाटेत जळते.

प्लायवूड, एमडीएफ, जुन्या चौकटी, मोडक्या पलंगाच्या फळ्या, यंत्रं आली त्या खोक्यांचं लाकूड, हे सगळं वर्ज्य. प्लायमध्ये डिंक असतो, जुन्या चौकटीवर रंग आणि वाळवीचं औषध. परदेशातून आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो. त्यात एमबी अशी अक्षरं असली तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एचटी असलं तर ते फक्त उष्णतेनं निर्जंतुक केलेलं असतं. तरी त्यावर पुढं काय सांडलं ते आपल्याला कसं कळणार? सुरुवातीच्या दिवसांत मी अशाच एका खोक्याची छान गुळगुळीत फळी वापरली होती. झाकण उघडल्यावर रॉकेलसारखा भपकारा आला. दोन किलो रावस मातीत पुरला आणि पंगतीला पिठलं-भाकरी वाढली.

फळी तासभर नव्हे, निदान चार तास भिजवा. जांभळासारखं कठीण लाकूड असेल तर रात्रभर. पाणी लाकडात फार खोल जात नाही, काही मिलिमीटरच शिरतं, पण तेवढंच तुम्हाला वेळ मिळवून देतं. फळी तरंगते, म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवून ती पूर्ण बुडवा. पाण्यात मूठभर मीठ टाकलं तर चालतं. वाइन, बिअर, सफरचंदाचा रस यात भिजवायला सांगणारे बरेच आहेत. मी आमसुलाच्या पाण्यात आणि उसाच्या रसातही भिजवून बघितलं. माशाच्या चवीत मला फरक लागला नाही, रसाची फळी मात्र लवकर काळी पडली. साधं पाणी घ्या.

मासा कुठला, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कोल्हापूर समुद्रावर नाही. आपल्याकडं मासा रत्नागिरी, मालवणकडून घाट चढून येतो. मे महिन्यातल्या उन्हात तो प्रवास आणि नंतर बाजारातला वेळ, दोन्ही धरायला हवेत. बांगडा, सुरमई, कुप्पा या जातीचे मासे बर्फाबाहेर तापले की त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात माशाची ॲलर्जी आली. म्हणून मासा सकाळी लवकर घ्या, कल्ले उघडून लाल आहेत ना बघा, बोटानं दाबलं की मांस परत वर येतंय ना बघा, आणि घरी नेताना बर्फ मागून घ्या. संकोच करू नका, चांगला मासेवाला स्वतःच देतो. घरी आल्यावरही तो फ्रिजमध्ये बर्फावरच राहू दे. हवा 32 अंशांच्या वर असेल तर कच्चा मासा एकूण तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये.

सुरमईची तुकडी तव्यावर उत्तम, फळीवर ती कोरडी पडते. शिवाय तिला खाली कातडी नसते. फळीला हवा तो कातडीसकट, जाड, थोडा चरबीचा मासा. माझी पहिली पसंती रावसाला. त्याला इंडियन सामन म्हणतात, प्रत्यक्षात त्याचं सामनशी काही नातं नाही, पण जाड, ओलसर पाकळ्या सुटणाऱ्या मांसामुळं या कामाला तो फार जुळतो. मासेवाल्याला मधला काटा काढून, कातडी ठेवून, दोन फाळ्या करायला सांगा. शिजल्यावर उलथनं कातडी आणि मांस यांच्यामध्ये सरकवलं की मांस अलगद उचललं जातं आणि कातडी फळीलाच चिकटून राहते. अख्खं पापलेटही छान होतं, फक्त पाठीला दोन्ही बाजूंनी खोल चिरा द्या. बांगडा तर या पद्धतीनं मला तळलेल्यापेक्षा आवडतो, त्याचं स्वतःचं तेल धुराला धरून ठेवतं.

पाहुणे जूनवर ढकलले गेले तर मात्र बेत बदला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळं बाजारातला समुद्राचा मासा बहुतेक साठवणीतला. तेव्हा धरणाचा, तळ्याचा मासा घ्या. मरळ असेल तर उत्तम, काटे कमी आणि मांस घट्ट. फक्त तिच्यात चरबी नाही, म्हणून वरून तेल किंवा लोणी लावत राहायला लागतं. कटल्याला चव मोठी, पण मांसात दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे असतात, मुंबईच्या लहान मुलांना ते जड जाईल. चिलापी स्वस्त आणि सोपी, पण तळ्यातली असली तर कधी चिखलाचा वास येतो.

दहा माणसांना कातडीसकट दोन किलो फाळ्या पुरतात, म्हणजे अशा तीन फळ्या. एकाच शेगडीवर तिन्ही मावणार नाहीत. मावतील अशी शेगडी शोधू नका. एकेक फळी लावा आणि उतरली की लगेच पानात वाढा. या माशाची गोडी पहिल्या पाच मिनिटांत असते.

मासा शिजवण्याआधी लिटरभर थंड पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात वीस मिनिटं बुडवा, मग टिपून कोरडा करा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये उघडा ठेवा. यामुळं मीठ आतपर्यंत जातं, आणि शिजताना माशावर जो पांढरा फेसासारखा थर सुटतो तो कमी होतो. वरचा भाग सुकला की धूर त्याला नीट धरतो. ओल्या माशावर धूर बसत नाही, नुसता पाणचट वास येतो.

मसाल्याचं दुःख मला कळतं. कोल्हापूरकराला मासा तांबडा दिसला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. पण तव्यावरचा मसाला तेलात तळला जातो म्हणून त्याचा कच्चेपणा जातो. फळीवर तळणं होतच नाही. तिखट, आलं-लसणाची गोळी, रवा, तांदळाचं पीठ, सगळं वाफेत भिजून लगदा होतं. तुम्हाला तेच लागलं. तिखट हवंच असेल तर दोन चमचे तेल चांगलं तापवा, खाली उतरवा, त्यात ठेचलेला लसूण आणि एक लहान चमचा कांदा-लसूण मसाला घालून ढवळा, आणि ते तेल ब्रशनं माशावर पातळ लावा. त्यापेक्षा जास्त नको. इतकी फळी शोधली, भिजवली, आणि मग मसाल्याखाली धूर पुरून टाकला, असं व्हायला नको. माझा स्वतःचा हात यापेक्षाही आखडता आहे. मिरी, लसूण, थोडं तेल, बस. फळीवर आधी कैरीच्या पातळ चकत्या पसरतो आणि त्यावर मासा ठेवतो. चकत्या मऊ होऊन आंबटपणा खालून चढतो, आणि मे महिन्यात कैरी घरात असतेच. लिंबू मात्र खाताना पिळा. आधी पिळून ठेवलं तर मांस आंबटानं पांढरं आणि घट्ट होतं.

आता प्रत्यक्ष विस्तव. जाळ पूर्ण बसलेला आणि निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आलेली हवी. निखारे दोन्ही कडांना जास्त, मध्ये विरळ पसरा. फळी जिथं येणार त्या उंचीवर तळहात धरा. चार-पाच सेकंद सहन झाला तर आच बरोबर, दोनच सेकंदांत काढावा लागला तर थांबा. रिकामी फळी आधी तीन-चार मिनिटं तापवा. ती तडतडेल आणि वास सोडायला लागेल. मग ती उलटी करा, तापलेली बाजू वर घ्या. यानं फळी वाकायची राहते आणि माशाला खालून पहिला चटका मिळतो. वर कैरी, मासा कातडी खाली करून, आणि फळीच्या चारी कडा दोन बोटं मोकळ्या. झाकण घाला.

इंचभर जाडीच्या रावसाला माझ्या शेगडीवर पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं झाकण उचलू नका, प्रत्येक उचलण्याला आच निसटते. दहाव्या मिनिटाला बघा. कडा लाल होऊन धुमसत असतील तर पाण्याच्या फवाऱ्यानं विझवा. फवारा कडांवर मारा, निखाऱ्यांवर नको, नाहीतर राख उडून माशावर बसते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी 63 अंश आले की उतरवा. नसेल तर काट्या-चमच्यानं जाड जागी हलकं दाबून फिरवा: पाकळ्या सुटल्या, आतलं मांस काचेसारखं न दिसता दुधी दिसलं, की झालं. अख्ख्या माशात काट्याजवळचं मांस सहज सुटायला हवं.

गच्चीवर शेगडीखाली विटा मांडून त्यावर वाळू पसरा, फरशी तडकते. कोळशाची शेगडी पाऊस आला म्हणून जिन्यात किंवा खोलीत कधीही नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मे महिन्यात संध्याकाळी वळीव कुठून उठेल सांगता येत नाही, त्यामुळं सहाला विस्तव पेटवायचा असेल तर पाचला आभाळ बघा. वारं सुटलं असेल तर मासा सरळ तव्यावर करा.

मळ्यावर करणार असाल तर झाकणाशिवायचीही एक रीत आहे. फिनलंडमध्ये तिला लोइमुलोही म्हणतात. माशाची फाळी लाकडी खुंट्यांनी फळीला ठोकतात आणि फळी जळत्या लाकडांशेजारी तिरकी उभी करतात. इथं आच समोरून, थेट माशाच्या तोंडावर येते, म्हणून झाकण लागत नाही. मी बाभळीच्या जाळावर रावस आणि मरळ असे केलेत. खुंट्या जांभळाच्याच. मधूनमधून मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि अर्ध्या वेळानं फळी खालची वर करायची. तासभर तरी जातो, पण जाळाभोवती बसून तो तास कसा जातो ते कळत नाही. फक्त जागा निवडताना उसाच्या फडापासून, पाचटापासून लांब जा. मे महिन्यातलं पाचट एका ठिणगीवर पेटतं. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा, मग काडी लावा.

ताटात याच्याबरोबर ज्वारीची भाकरी, दही-कांदा, मिरचीचा खर्डा आणि थंड सोलकढी. तांबडा रस्सा त्या दिवशी मटणासाठी राहू द्या, तो शेजारी असला की धुराची चव जिभेला लागतच नाही. फळी सरळ पंगतीत न्यायची असेल तर खाली उपडी परात ठेवा, तिची खालची बाजू बराच वेळ धुमसत असते.

जेवणं झाली की फळी गरम पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं घासा. साबण लावू नका, लाकूड तो पितं आणि पुढच्या माशाला देतं. दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. खालची बाजू निम्म्याहून कमी जळली असेल तर तीच फळी आणखी दोनदा चालते, दर वेळी जळलेली बाजू खालीच ठेवून. त्यानंतर ती फोडून ढलप्या करा आणि पुढच्या वेळी निखाऱ्यांवर दोन-दोन तुकडे टाका, जांभळाचा तोच वास त्यातूनही येतो.